एनेस्त्रोसा पुस्तिका: कामाच्या नोंदी

काम: आंद्रेस एनेस्त्रोसा (१९०६–२००८) या मेक्सिकन लेखक आणि भाषा-अभ्यासकाच्या आयुष्यावर १६ पानी मराठी पुस्तिका. आकार ए-फाइव्ह, सेंटर पिन, २०० प्रती, आत साधारण ३,००० शब्द. अंदाज तीन आठवड्यांचा होता, लागले सात. स्पॅनिश भाषेतल्या किंवा मेक्सिकोतल्या आदिवासी भाषांतल्या लेखकावर मराठीत काही करायचं असेल, तर हे खड्डे वाटेत येणारच.

६ जानेवारी

पहिला दिवस नावातच गेला. कच्च्या मजकुरात 'हेनेस्ट्रोसा' होतं. दोन चुका: स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'एच' उच्चारत नाहीत, आणि स्पॅनिश 'टी' दंत्य असतो, म्हणजे आपला त. ट ही इंग्रजीतून वाचण्याची सवय. म्हणून एनेस्त्रोसा. हा नियम सगळ्या मजकुराला लावला: तेवांतेपेक आणि हुचितान (दक्षिण मेक्सिकोतली ठिकाणं), सापोतेक (तिथला आदिवासी समाज आणि त्याच्या भाषा). मात्र मेक्सिको आणि मेक्सिको सिटी तशीच ठेवली. ती मराठीत रुळली आहेत, 'मेहिको' लिहिलं तर वाचक अडखळतो.

'एक्स' या अक्षराने सर्वांत जास्त छळलं. मेक्सिको आणि वाहाका या नावांत स्थानिक उच्चार ह, सोचिमिल्कोत स, टॅक्सीत क्स, आणि दक्षिणेकडच्या कित्येक गावांत श. एकच 'शोधा आणि बदला' चालवून सगळे 'एक्स' बदलण्याचा प्रयोग केला आणि ४० मिनिटांत तो उलटा फिरवावा लागला. हे काम हातानेच करायचं: स्थळनामांची वेगळी यादी, प्रत्येकापुढे एकच ठरलेलं रूप.

पूर्ण नाव आंद्रेस एनेस्त्रोसा मोरालेस. सूचीत ते 'ए'खाली जातं, 'मो'खाली नाही. स्पॅनिश नावात शेवटचं आडनाव मुख्य नसतं. पहिलं आडनाव वडिलांचं, दुसरं आईचं हा सर्वसाधारण रिवाज. त्यावरून कच्च्या मजकुरात आई-वडिलांची आडनावं 'काढली' होती. ते वाक्य उडवलं. रिवाजावरून माणसाची वंशावळ लिहायची नसते.

८ जानेवारी

जन्म ३० नोव्हेंबर १९०६, सान फ्रान्सिस्को इश्वातान, वाहाका राज्य. नकाशावर खूण केली ती शेजारच्या च्यापास राज्यात पडली, कारण तिथेही इश्वातान आहे. वेराक्रुस राज्यात तर 'इश्वात्लान'ने सुरू होणारी एकाहून अधिक नावं आहेत. नुसतं 'इश्वातान' कुठेही लिहायचं नाही, प्रत्येक वेळी 'सान फ्रान्सिस्को' जोडायचं.

दुसरा घोळ: त्यांना सर्रास 'हुचितानचे' म्हटलं जातं. सांस्कृतिकदृष्ट्या ते बरोबर आहे, हुचितान हे तेवांतेपेकच्या सामुद्रधुनी-प्रदेशातल्या सापोतेकांचं मोठं शहर. जन्मगाव म्हणून चूक. (आणि 'सामुद्रधुनी' हाही चुकीचाच शब्द! तेवांतेपेक ही संयोगभूमी आहे: दोन समुद्रांमधली जमिनीची चिंचोळी पट्टी. सामुद्रधुनीत पाणी असतं. कच्च्या मजकुरात नऊ ठिकाणी हे सापडलं, नऊही ठिकाणी बदललं. वरच्या ओळीत मुद्दाम ठेवलं आहे, म्हणजे चूक किती सहज होते ते दिसेल.)

११ जानेवारी

वयाची आकडेमोड. मृत्यू १० जानेवारी २००८, मेक्सिको सिटी. म्हणजे १०१ वर्षं आणि ४१ दिवस. 'शंभर वर्षांचं आयुष्य' हे मलपृष्ठावरचं वाक्य कापलं.

'पंधराव्या वर्षी राजधानीत आले, तोवर स्पॅनिश येत नव्हती' हे वाक्य सगळीकडे सापडतं. १९२२ च्या डिसेंबरात आले हे धरलं, तर तेव्हा १६ पूर्ण झाली होती. चरित्रपर मजकुरात असे गोल आकडे एकाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात. पुस्तिकेत वय काढून 'सन १९२२ च्या अखेरीस' एवढंच ठेवलं. वर्ष दिलं की वाचक वजाबाकी करू शकतो.

त्या वेळचे शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस. त्यांच्या पाठबळावर एनेस्त्रोसा शिकले: आधी शिक्षक-प्रशिक्षण शाळा, मग राष्ट्रीय प्रेपारातोरिया, मग कायदा, जो पदवीपर्यंत गेला नाही. 'प्रेपारातोरिया'ला 'पूर्वप्राथमिक' असा प्रतिशब्द पडला होता. ती विद्यापीठात जाण्याआधीची शाळा, आपल्या अकरावी-बारावीच्या जवळची.

१५ जानेवारी

आजवरची सर्वांत महाग चूक. कच्च्या मजकुराचं चौथं प्रकरण होतं 'सापोतेक लिपीचे जनक'. पाच पानं लिहून झाल्यावर लक्षात आलं की शीर्षकातला प्रत्येक शब्द चुकतो.

लिपी: स्पॅनिश 'आल्फाबेतो'चं आम्ही 'लिपी' केलं. एनेस्त्रोसा रोमन अक्षरंच वापरत होते. प्रश्न होता कोणत्या ध्वनीला कोणतं अक्षर लावायचं, म्हणजे वर्णमाला आणि लेखननियम. मराठीतून उदाहरण घ्यायचं तर मोडी सोडून देवनागरी घेणं हा लिपीबदल, आणि साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम हे लेखननियम. इथलं काम दुसऱ्या जातीचं.

जनक: सापोतेकांची स्वतःची चित्रलेखनाची पद्धत मोंते आल्बान या प्राचीन सापोतेक शहराच्या दगडांवर इसवी सनाच्या कितीतरी आधीपासून आहे. रोमन अक्षरांत सापोतेक लिहिणं वसाहतकाळात सुरू झालं; दोमिनिकन धर्मगुरू हुआन दे कोर्दोवा यांचा सापोतेक शब्दकोश आणि व्याकरण १५७८ मध्ये छापलं गेलं. तुकारामांचा जन्मही व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. आणि आज संयोगभूमीत जी वर्णमाला चालते ती १९५६ मध्ये मेक्सिको सिटीतल्या गोलमेज बैठकीत सापोतेक लेखक आणि भाषातज्ज्ञ यांनी मिळून ठरवली. ती एकट्याची नव्हे.

सापोतेक: ही एक भाषा नाही, ओतोमांगे कुळातला भाषांचा मोठा गट आहे. मेक्सिकोच्या आदिवासी भाषा संस्थेच्या २००८ च्या सूचीत ११ भाषाकुळं, ६८ भाषागट आणि ३६४ भाषारूपं आहेत; त्यांतली ६२ रूपं एकट्या सापोतेकची. डोंगरातला सापोतेक आणि संयोगभूमीतला सापोतेक एकमेकांशी बोलू लागले की बहुधा स्पॅनिशवरच येतात. एनेस्त्रोसांची भाषा संयोगभूमीची.

मग त्यांचं नेमकं काम काय? १९३६ ची गुगेनहाइम पाठ्यवृत्ती. त्यावर बर्कली, शिकागो, न्यू ऑर्लिन्स, न्यूयॉर्क इथे राहून सापोतेक संस्कृतीचा अभ्यास, भाषेच्या ध्वनींची मांडणी, त्यासाठी अक्षरं सुचवणं आणि छोटा सापोतेक-स्पॅनिश शब्दकोश. त्याच सुमारास 'नेज़ा' या नियतकालिकाचं काम (१९३५–३७), जे राजधानीत शिकणाऱ्या हुचितानच्या विद्यार्थ्यांनी चालवलं. नेज़ा म्हणजे वाट.

प्रकरणाचं नवं शीर्षक: 'अक्षरं कुणी ठरवली'. पाचाची तीन पानं झाली. गेलेला वेळ १४ तास.

याच झटक्यात 'सापोतेक बोली' हेही सगळीकडे 'भाषा' केलं. मेक्सिकोत आदिवासी भाषांना 'दियालेक्तो' म्हणण्यात हिणवण्याचा सूर असतो. तो शब्द भाषांतरात 'बोली' होऊन निरागसपणे आत शिरतो.

१९ जानेवारी

सापोतेक शब्द देवनागरीत. पुस्तिकेत असे ३१ शब्द. अडचण 'ज'ची.

संयोगभूमीच्या सापोतेकात 'झेड' हा घर्षक (हवा घासत निघणारा, इंग्रजी 'झेड'सारखा) ध्वनी आहे आणि 'डीएक्स' अशी अक्षरजोडी तालव्य ज दाखवते. मराठीत दोन्हींना एकच अक्षर. 'नेजा' लिहिलं तर कुणी 'राजा'सारखा वाचेल, कुणी 'ताजा'सारखा. आपल्याला सवयीने कळतं, परक्या शब्दात सवय कुठून आणणार?

ठरलेला तोडगा: घर्षक ध्वनीला नुक्ता (ज़), तालव्याला 'ज्य' ('ज्याचा'मधला). मराठीत नुक्त्याची पद्धत नाही, म्हणून पान २ वर दोन ओळींची सूचना. भाषेचं स्वतःचं नाव त्यामुळे 'दिइज्याज़ा' असं झालं. यात सुरुवातीला 'दीज्याज़ा' होतं, आणि तेही चूक. मूळ लेखनात 'आय' दोनदा येतो तो दीर्घ ई म्हणून नव्हे. जोड-स्वर म्हणजे घशात किंचित करकरणारा स्वर. दीर्घ ईकार दिला तर वाचक भलताच उच्चार करतो. दोन स्वर सुटे लिहिले की निदान डोळा थबकतो.

आणखी एक सापळा: मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये हाच 'झेड' स होतो. म्हणून 'सापोतेक' (स्पॅनिश शब्द) पण 'नेज़ा' (सापोतेक शब्द). एकसारखं करायचा मोह टाळा. शब्द कुठल्या भाषेतला आहे ते यादीत आधी लिहा, मगच लिप्यंतर करा.

२३ जानेवारी

फुलाचा दगड झाला. 'गिए' म्हणजे दगड, 'गिए'' म्हणजे फूल. शेवटचं ते छोटं चिन्ह स्वर झटकन तोडल्याचं आहे. टंकनात ते गळलं आणि एका ओळीत मुलींनी केसांत दगड माळले.

चिन्हासाठी तीन पर्याय तपासले. विसर्ग: मराठी वाचक त्याचा ह करतो. अवग्रह: 'काऽय' सारखा स्वर लांबतो, म्हणजे नेमका उलटा परिणाम. शेवटी मूळचं एकेरी चिन्हच ठेवलं. पण मांडणीचा प्रोग्राम त्याला अवतरणाचं चिन्ह समजून वळवतो, आणि पुढच्या अवतरणाशी जोडी लावतो. स्वयंदुरुस्ती बंद करूनच टंका. आधी टंकून झालं असेल तर ३१ ठिकाणं हाताने, दुसरा उपाय मिळाला नाही.

सापोतेकात सुरानेही अर्थ बदलतो, पण सूर (उंच, खालचा, चढता) कुठेच दाखवलेला नाही. १९५६ च्या वर्णमालेतही रोजच्या लेखनात तो दाखवत नाहीत, त्यामुळे इथे वेगळा शहाणपणा केला नाही.

२७ जानेवारी

पहिल्या पुस्तकाचं नाव (१९२९). मूळ स्पॅनिश 'लोस ओम्ब्रेस के दिस्पेर्सो ला दान्सा'. पहिलं भाषांतर 'नाचात हरवलेले लोक'. चूक: क्रियापद पांगवण्याचं आहे आणि कर्ता नाच. दुसरं: 'नृत्याने विखुरलेले पुरुष'. इथे 'पुरुष' अनावश्यक, आणि 'विखुरलेले' म्हणताच दाणे डोळ्यांसमोर येतात. ठरलं: 'नाचाने पांगवलेली माणसं'. जत्रा पांगते, गुरं पांगतात, पाऊस आला की गर्दी पांगते. हा शब्द मराठीत जिवंत आहे.

नावामागे एक शब्द आहे, तो समजावल्याशिवाय शीर्षक अधांतरी राहतं. सापोतेक आपल्या पुराणपूर्वजांना 'बिन्निगुलाज़ा' म्हणतात. 'बिन्नि' म्हणजे लोक. शेवटच्या अवयवात कुणी ढग ऐकतो (म्हणून 'बिन्निज़ा', ढगांचे लोक), तर त्याच्या जवळच्या उच्चाराचा दुसरा शब्द वाजप आणि सण या अर्थाचा. एनेस्त्रोसांनी शीर्षकात नाच घेतला. या व्युत्पत्तीवर त्या काळी सापोतेक लिहित्या मंडळींत बराच वाद झाला. पुस्तिकेत निकाल दिलेला नाही, दोन्ही अर्थ शेजारी ठेवले. लेखक म्हणून त्यांनी केलेली निवड भाषाशास्त्राचा पुरावा म्हणून मांडणं हा अन्याय झाला असता, त्यांच्यावरही आणि भाषेवरही.

हे पुस्तक निघायला लेखिका आणि कलांच्या आश्रयदात्या आंतोनिएता रिवास मेर्कादो यांचा आधार होता. एनेस्त्रोसा काही काळ त्यांच्या घरी राहिले. त्याच वर्षी दोघंही वास्कोन्सेलोस यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात होते. निवडणूक अधिकृत निकालानुसार सत्ताधारी पक्षाचे पास्कुआल ओर्तिस रुबियो जिंकले. रिवास मेर्कादो यांनी १९३१ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये आयुष्य संपवलं. या परिच्छेदाला कच्च्या मजकुरात पाऊण पान होतं. ती कथा स्वतंत्र पुस्तिकेची आहे, चार ओळींवर आणली.

१ फेब्रुवारी

प्रताधिकार. परिशिष्टात एका दंतकथेचा पूर्ण अनुवाद केला होता, सात पानं, ११ तास. तो काढावा लागला. मेक्सिकोत लेखकाच्या मृत्यूनंतर १०० वर्षं हक्क राहतो, भारतात ६०. लेखक २००८ मध्ये गेले. म्हणजे आपल्याकडेही २०६८ अखेरपर्यंत परवानगीशिवाय छापता येत नाही. दंतकथा लोकांची असली तरी त्यांनी लिहिलेलं रूप त्यांचं. ही चौकशी अनुवादाच्या आधी करायची असते, हे वेगळं सांगायला नको. छायाचित्रालाही हाच न्याय. मुखपृष्ठावर चेहऱ्याऐवजी नुसतं नाव आणि वाट दाखवणारी एक रेघ.

आईवरचं त्यांचं लेखन 'आईचं चित्र' (१९३७, न्यू ऑर्लिन्सहून रूथ ड्वॉर्किन यांना लिहिलेलं पत्र) फक्त वर्णनाने घेतलं, उतारा नाही. तसंच 'ला मार्तिनियाना' या प्रसिद्ध गाण्याचे शब्द त्यांचे, पण एकही ओळ छापलेली नाही.

५ फेब्रुवारी

राजकारणाचं पान. कच्च्या मजकुरात: 'वाहाकाचे आमदार, १९६१ मध्ये पराभूत, १९६४ मध्ये पुन्हा विजयी'.

आमदार नाही. ते वाहाकातून निवडून गेले, पण देशाच्या संसदेवर. म्हणजे खासदार: १९५८–६१ आणि १९६४–६७, आणि नंतर सिनेटर १९८२–८८. पराभव तर मुळीच नाही. १९३३ च्या घटनादुरुस्तीपासून मेक्सिकोत खासदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नव्हतं. मधली तीन वर्षं कायद्याने रिकामी. आपल्या निवडणुकांच्या नजरेने परक्या देशातल्या तारखा वाचल्या की असं होतं. ही चूक तिघांनी वाचून तिघांनाही दिसली नव्हती.

सत्ताधारी पक्षात राहिले हे स्पष्ट लिहिलं. ज्या व्यवस्थेविरुद्ध १९२९ मध्ये प्रचार केला, तिच्यातूनच पुढे संसदेत गेले. हे झाकलं तर पुस्तिका आरती होईल.

१९६४ मध्ये मेक्सिकन भाषा अकादमीवर निवड. खाली टीप आवश्यक: ही अकादमी (स्थापना १८७५) स्पॅनिशची आहे. 'मेक्सिकन भाषा' वाचून वाचक आदिवासी भाषांची संस्था समजतो. सिनेटचं बेलिसारियो दोमिंगेस पदक १९९३ मध्ये.

९ फेब्रुवारी

चौकट आली आणि गेली. क्रांतिकारक आणि शेतीतज्ज्ञ पांडुरंग खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रात दिसतात. मराठी वाचकाला काळ ओळखीचा वाटावा म्हणून १२० शब्द लिहिले. पण एनेस्त्रोसांच्या आयुष्याला ते कुठेच चिकटत नव्हते. नुसता एकच देश आणि एकच दशक यावर चौकट उभी राहत नाही. मोकळी झालेली जागा वृत्तपत्रीय लेखनाला दिली: 'एल नासियोनाल'मधलं त्यांचं सदर, ज्याच्या नावाचं मराठी आपोआप सुचलं, 'किरकोळ गोष्टींचं फडताळ'. एवढं बिनचूक बसलेलं भाषांतर या कामात हे एकच.

१४ फेब्रुवारी

स्पॅनिश जाणकाराकडून तपासणी, मानधन ३,००० रुपये. २२ दुरुस्त्या निघाल्या, त्यांतल्या १५ लिप्यंतराच्या. ही तपासणी पहिल्या आठवड्यात यादीपुरती करून घेतली असती तर १,००० रुपयांत आणि एका दिवसात झाली असती. मांडणी झाल्यावर शब्द बदलला की ओळ सरकते, ओळ सरकली की पान.

१८ फेब्रुवारी

छपाईचं पहिलं प्रूफ. छापखान्यात मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला गेला, आणि सगळे नुक्ते गायब. 'नेज़ा'चा 'नेजा', 'बिन्निज़ा'चा 'बिन्निजा'. पान २ वरची नुक्त्याची सूचना मात्र जागेवर, ज्या चिन्हाबद्दल सांगते ते चिन्हच नाही!

उपाय: मजकूर न देता फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ दिली. तिथे दुसरी गोष्ट उघडी पडली. नुक्त्याचा ज दोन प्रकारे टंकता येतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा ज आणि त्यापुढे सुटा नुक्ता म्हणून. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. सूची बनवताना अर्ध्या नोंदी सापडत नव्हत्या त्या यामुळे. सगळीकडे सुटा नुक्ता केला. वेळ ३ तास.

पानांची संख्या चारच्या पटीत लागते. मजकूर १७ पानांवर गेला होता. अक्षर लहान न करता पुरस्कारांचा परिच्छेद कापला.

२२ फेब्रुवारी

छापून आलं. २०० प्रतींचे ३,८०० रुपये, तपासणी ३,०००, दोनदा काढलेली प्रूफं ४२०. एकूण ७,२२० रुपये, प्रतीमागे सुमारे ३६. तासांची वही ११८ दाखवते, त्यातले साधारण ४० उलटं फिरवण्यात गेले.

राहिलेल्या चुका: पान ६ वर एका ठिकाणी अजून 'सामुद्रधुनी' आहे. पान ११ वर ग्रंथालयाच्या ओळीत 'वाहाका राज्यात' छापलं आहे, तिथे 'वाहाका शहरात' हवं. एनेस्त्रोसांनी दिलेला सुमारे ४०,००० ग्रंथांचा संग्रह शहरात आहे. दोन्हींसाठी चिकटपट्टी छापून घेतली, ६० रुपये जादा. पान ९ वरची 'गिए'' तपासली. फूल शाबूत आहे.